सांगलीत व्हीलचेअर आत जाईल असं घर कुणाला मिळालंय का? तळमजला पाहिजे, पण पुरातला नको

राजाची आई

नमस्कार. वर्षभर इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागली तर समजून घ्या.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. घरात त्याला आम्ही राजा म्हणतो, इथंही तेच लिहिते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, दोन्ही हात आणि दोन्ही पाय ताठ. ८० टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे. बोलतो मोजकं, पण समजतं सगळं. क्रिकेटचा स्कोअर मला तोच सांगतो. वजन २९ किलो झालंय.

आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. लिफ्ट नाही, ३८ पायऱ्या. इथं आलो तेव्हा राजा १७ किलोचा होता, कडेवर घेऊन चढायचे. आता पाठीवर घेते तेव्हा तो माझी वेणी घट्ट धरतो, आणि मला दम लागला की वळणावर "आई, थांब" म्हणतो. त्याला थांबायचं नसतं, माझ्यासाठी म्हणतो.

एप्रिलमध्ये माझ्या कमरेत चमक भरली ती गेलीच नाही. मणक्याची गादी सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. मी विचारलं, आणि मुलगा? ते काही बोलले नाहीत. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, पाळ्या बदलत असतात. ते घरी असले आणि अंगात त्राण असलं तरच राजा खाली जातो. एप्रिल ते जुलै तो ११ वेळा खाली उतरला. कॅलेंडरवर गोल केलेत मी. त्यातले सात दवाखान्याचे. शाळा सुटली. गृहाधारित शिक्षणाच्या बाई घरी येतात, तेवढीच शाळा.

मग तळमजला का नाही घेत, असं कुणीही विचारेल. आमचं स्वतःचं घर तळमजल्याचंच आहे, सासऱ्यांनी बांधलेलं, सूर्यवंशी प्लॉटमध्ये. सांगलीच्या माणसाला एवढ्यावर कळेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची, पण आमच्या भागात त्याच्या कितीतरी आधीच पाणी शिरतं. राजा तेव्हा पाच वर्षांचा. मिस्टरांनी त्याला खांद्यावर घेतलं, मी धाकटीला. व्हीलचेअर, उभं राहायची फ्रेम, प्लायवूडची सीपी चेअर आतच राहिली. पाणी ओसरल्यावर गेलो तर चेअरचं प्लाय फुगून थर सुटे झालेले.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आता तो सात वर्षांचा, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, खांद्यावर बसवता येईना. चादरीत घालून दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि कमरेएवढ्या पाण्यातून निघालो. चादरीचं एक टोक माझ्या हातातून निसटलं आणि त्याचं डोकं पाण्याला लागलं. क्षणभरच, लगेच धरला. पण त्या रात्री मी ठरवलं की या घरात परत राहायचं नाही. म्हणून वर आलो. पाण्यापासून वाचलो आणि जिन्यात अडकलो.

गेल्या चौदा महिन्यांत २३ घरं बघितली. भाडं साडेआठ-नऊ हजारांपर्यंत जमतं. विकत घ्यायचं तर कर्ज धरून अठरा-वीस लाख, त्याच्या वर नाही.

एक गोष्ट मला हिंडताना कळली, आधी कधी लक्षात आली नव्हती. सांगलीत ज्यांनी पुराची धास्ती घेऊन बांधलंय त्यांनी जोतं उंच घेतलंय. शंभर फुटी रोडच्या बाजूला एक सुंदर तळमजल्याचं घर होतं, मोठी मोरी, हवेशीर. पण दाराशी सहा पायऱ्या, साडेतीन फूट जोतं. मालक अभिमानानं सांगत होते की एकोणीसला पाणी पाचव्या पायरीला लागून गेलं. त्यांचं बरोबरच आहे. पण ज्या उंचीनं त्यांचं घर वाचलं तीच उंची माझ्या लेकाला आत येऊ देत नाही. आणि जिथं जोतं बुटकं, तिथं भिंतीवर छातीएवढ्या उंचीला अजून ओल दिसते.

एका नव्या बिल्डिंगीत लिफ्ट होती. खाली सगळं पार्किंग. लिफ्टपाशी पोचायला पाच पायऱ्या. सोसायटीच्या लोकांना विचारलं, आमच्या खर्चानं रॅम्प करू का? एक स्कूटर लावायची जागा जाईल म्हणून नाही म्हणाले. कुपवाडला एक घर सगळ्या बाजूंनी पसंत पडलं होतं, डिपॉझिटही ठरलं. राजाला दाखवायला नेलं. नवीन जागा बघून तो आनंदानं ओरडतो, तसा ओरडला. संध्याकाळी एजंटचा फोन, मालकांच्या पाहुण्यांना जागा लागणार आहे. मी त्या दिवशी जेवले नाही. माझा मुलगा आनंदानं ओरडला म्हणून घर गेलं, हे त्याला कसं सांगू?

माझं विचारणं एवढंच. असं घर शोधताना तुम्ही नेमकं काय बघितलंत, आधी काय मोजलंत? सोसायटीला रॅम्पसाठी कायद्यानं काही म्हणता येतं का? म्हाडा किंवा घरकुलात अशा मुलांसाठी काही असतं का? आणि जुन्या घराचंच जोतं वाढवावं असं सासरे म्हणतात, त्याचं काय करू?

मिरजवाला बाबा

वहिनी, तुमचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. माझी मुलगी तेरा वर्षांची, तिलाही सीपी. आमचं भाड्याचं घर मिरजेत, तळमजला, दोन पायऱ्या.

आम्ही केलेली चूक आधी सांगतो. घर ठरवताना मी फक्त दार मोजलं, २ फूट ८ इंच, खुर्ची २३ इंच, म्हटलं झालं. सामान लावल्यावर कळलं की दारातून आत गेल्यावर खुर्ची वळतच नाही, कारण समोर लगेच भिंत. चार महिने तिला उलटी आत घेत होतो. खुर्चीला जागच्या जागी फिरायला पाच फूट बाय पाच फूट मोकळं लागतं. आता कुणी विचारलं की सांगतो, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, राजाची खुर्ची त्याच्यावर ठेवून पायाच्या पाट्यांसकट आखा, कापा, आणि घर बघायला जाताना तो पुठ्ठा घेऊन जा. जमिनीवर ठेवून फिरवून बघा, दारातून, मोरीत, पलंगाच्या कडेला. राजाला पहिल्या दिवशी न्यायची गरज नाही. तो त्रास त्याला नको आणि तुम्हालाही.

रॅम्प वेल्डरकडून करून घेतला, चेकर्ड प्लेट आणि खाली अँगल. पहिला सात फुटांचा केला, चौदा इंच चढायला. पावसात एकदा मुलीसकट माझा पाय सरकला. तिला लागलं नाही, पण मी हादरलो. परत केला, चौदा फूट. एक इंचाला एक फूट. हे मोडू नका, कुणी कितीही म्हटलं की ढकलणारा माणूस आहे, चालतंय.

स्पष्टवक्ता

राग मानू नका ताई, पण अशा मुलांसाठी निवासी शाळा असतात. तिथं सगळ्या सोयी असतात. तुमची कंबर गेली तर दोघांचंही अवघड. घर शोधत बसण्यापेक्षा तो विचार करा.

राजाची आई

दादा, राग नाही आला. हे मला माझ्या सख्ख्या भावानंही सांगितलंय. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. पण राजाला घास भरवायला पाऊण तास लागतो आणि तो घास कधी नको म्हणतो ते फक्त भुवईनं सांगतो. ते मला कळतं, धाकटीला कळतं. आणि मला असं वाटतं की अडचण राजात नाहीये, पायऱ्यांमध्ये आहे. पायऱ्या आहेत म्हणून पोराला घराबाहेर ठेवायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

ओळंबा

ताई, मी बांधकामातला माणूस, तीस वर्षं सांगली-मिरज-कुपवाडमध्ये साइटवर काढलीत. जोत्याचं तुम्ही जे लिहिलंय ते अगदी खरं आहे, आणि त्यामागचं गणित सांगतो म्हणजे शोध कमी होईल.

नदीच्या पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवीन बांधकामाला मनाई. निळी आणि लालच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या वर काढावं लागतं. म्हणजे त्या पट्ट्यातली प्रत्येक नवी इमारत एकतर उंच चौथऱ्यावर किंवा खांबांवर उभी असणार आणि राहती जागा वरच असणार. तिथं तळमजला शोधणं म्हणजे जे नाहीच ते शोधणं. त्या पट्ट्यात वेळ घालवू नका. लाल रेषेच्या बाहेर जा. वारणाली, कुपवाडचा बराच भाग, मिरजेचा नदीच्या घाटापासून लांबचा भाग. तिथं जोतं फूट-दीड फुटाचं असतं, कारण कुणाला पाण्याची भीती नसते. तुमच्यासाठी दीड फूट आणि साडेतीन फूट यात घर मिळणं आणि न मिळणं एवढा फरक आहे. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, म्हणजे ४२ फूट रॅम्प, आणि तीस फुटांच्या आत मध्ये एक सपाट टप्पा हवाच. एवढं अंगण कुणाकडे आहे? दीड फुटाला १८ फूट, तो वळवून बसतो.

एकट्या नकाशावर विसंबून राहू नका. गल्लीतल्या दुकानदाराला विचारा, एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं. लोक बोट लावून जागा दाखवतात. घरमालकाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आणि एक बघा, घर कोरडं असून उपयोग नाही, रस्ता तुटतो का तेही विचारा. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी लांब असली तरी पावसाचं पाणी तुंबून राहतं, त्यात व्हीलचेअर कशी ढकलणार?

लिफ्टच्या बिल्डिंगीबद्दल. चार माणसांची लिफ्ट असेल तर आतली खोली जेमतेम सव्वादोन-अडीच फूट असते, खुर्ची आडवी-उभी कशीच बसत नाही. आठ माणसांची असेल तर साडेतीन फुटांच्या आसपास मिळते, लहान खुर्ची जाते. पाटीवर किती माणसं लिहिलंय ते आधी वाचा, मग वर चढा. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का, हेही विचारून घ्या.

आणि ज्या सोसायटीनं नाही म्हटलं तिचा मंजूर नकाशा महापालिकेतून माहितीच्या अधिकारात काढा. नकाशात रॅम्प दाखवलेला असतो आणि जागेवर तिथं पार्किंगचे पट्टे मारलेले असतात, असं मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितलंय. नकाशात रॅम्प असेल तर तुम्ही काही नवीन मागत नाही, जे मंजूर आहे तेच मागताय.

सासऱ्यांच्या घराचं मात्र स्पष्ट सांगतो. जोतं वाढवून ते घर राजासाठी होणार नाही. पाण्याच्या वर काढायचं तर पुरुषभर उंची लागेल, मग तिथंही जिनाच. तो पैसा तिथं घालू नका. त्यांना वाईट वाटेल, घर त्यांनी हातानं बांधलंय, जपून सांगा.

सावलीताई

राजाच्या आई, मी पण एका मुलाची आई, माझा आता एकोणीसचा आहे. कायद्याची कागदं मी गरजेपोटी शिकले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं कलम ३७ तुमच्या कामाचं. सरकारी घरवाटपाच्या योजनांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण आहे. कुणीतरी दुसऱ्या धाग्यात लिहिलं होतं की ५ टक्के म्हणजे घर फुकट, तसं नाही. पैसे भरायचेच असतात, रांग वेगळी असते. म्हाडाचं पुणे मंडळ आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरचं पण बघतं. सोडत निघाली की दिव्यांग प्रवर्ग असतो. अर्जदार मूल धरतात की पालक, ते त्या सोडतीच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचा, मग पैसे भरा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी सदनिकांत दिव्यांगांना तळमजला किंवा खालचा मजला देण्याला प्राधान्य आहे. पण ताबा मिळायच्या आधीच लेखी मागा. एकदा चौथ्या मजल्याची किल्ली हातात पडली की बदलून घेताना दमछाक होते, मी एका कुटुंबाबरोबर दोन वर्षं हेलपाटे घातलेत. एक अडचण आहे, त्या योजनेत कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं लागतं. सूर्यवंशी प्लॉटचं घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. सासऱ्यांच्या नावावर असेल तर विचारून घ्या, तुमच्या मिस्टरांच्या नावावर चढवायची घाई आत्ता करू नका.

सोसायटीला तोंडी विचारलं असेल तर ते न विचारल्यासारखंच आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सर्वसाधारण सभेपुढे ठेवा म्हणा. ते म्हणतील हा कायदा सरकारी इमारतींचा आहे. मग कलम ३ दाखवा, दिव्यांग व्यक्तीला समानतेनं वागवायचं आणि तिच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करून द्यायचे, हे त्यात आहे. तरीही नाही म्हटले तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, नोटीस आली की माणसं बसून बोलतात. वकील लावायलाच पाहिजे असं नाही.

पण माझं मत विचाराल तर ज्या सोसायटीत अजून राहायला गेला नाहीत तिच्याशी भांडून आत जाऊ नका. रोज त्यांच्याच दारासमोरून राजाला न्यायचंय. भांडण तिथं करा जिथं घर तुमचं आहे.

आणखी दोन छोट्या गोष्टी. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्या विभागात अर्ज देऊन ठेवा. आणि मिस्टरांचा आयकर कापला जात असेल तर जुन्या करपद्धतीत कलम ८० डीडीखाली, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. प्रमाणपत्र ८० चं आहे ना, मग तुम्ही त्यात बसता.

कृष्णाकाठची फिजिओ

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. घर मिळेपर्यंतचे दिवस महत्त्वाचे, म्हणून लिहिते. ताई, आजपासून एकटीनं पाठीवर घेणं बंद करा. मनाला पटत नसेल तरी बंद करा. जिन्यात तुमचा पाय लटपटला तर दोघंही पडाल. राजाला पाठीला टेकवून खुर्चीत पट्टा लावून बसवायचं, एक माणूस वरच्या बाजूनं पाठ धरणार, एक खालून पाय. दोघं नसतील तर उतरायचं नाही. घरातल्या घरात उचलायला चार हातपट्ट्यांची कापडी झोळी शिवता येते, तुम्ही शिवणकाम करत असाल तर जाड कॅनव्हासची घरीच करा, शिलाई दुहेरी, पट्टा झोळीच्या खालून सलग घ्या, नुसता कडेला जोडू नका.

नवीन घरात पलंगाची उंची आणि खुर्चीच्या बैठकीची उंची एकच ठेवा, म्हणजे उचलावं लागत नाही, सरकवता येतं. चाकांची कमोड खुर्ची मोरीत सरळ जाते का ते बघा. बहुतेक घरं तिथंच अडतात. हॉल कितीही मोठा असो, मोरीचं दार दोन फुटांचं असतं आणि त्याला वर उंबरा.

न चालणाऱ्या सीपीच्या मुलांचे खुबे हळूहळू सरकू शकतात. चार महिने तो फारसा बाहेर पडला नाही म्हणताय, तर खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला ते आठवा.

शाहूपुरीकर

साताऱ्याहून. आमच्याकडं पुराची भीती नाही, पण चढाची आहे. शाहूपुरीच्या वरच्या अंगाला घर सपाट मिळालं तरी दाराबाहेरचा रस्ताच उभा. मुलाला खाली न्यायला ब्रेक असलेली खुर्ची आणि दोन माणसं. तेव्हा घर बघताना दारापासून रिक्षा उभी राहते तिथपर्यंतचं अंतर चालून बघा, ते पण घरच समजा. आम्ही शेवटी स्वतःच्या जागेत रॅम्प बांधला, मुलगा आता एकटा अंगणापर्यंत येतो.

राजाची आई

सगळ्यांचे उपकार कुठल्या शब्दांत मानू कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काहीतरी झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पुठ्ठा कापला. धाकटीनं त्यावर स्केचपेननं राजाचं चित्र काढलंय. आता घर बघायला गेलो की ती पुठ्ठा पुढं धरून "सरका, राजा येतोय" म्हणते. एक्स-रे काढून आणला, दाखवायची वेळ सोमवारची मिळालीय. झोळी शिवली, सलग पट्ट्याची, आधी त्यात तांदळाचं पोतं घालून उचलून बघितलं.

ओळंबा काका, तुम्ही म्हणालात तसं नदीकडचं सगळं सोडलं. सात घरं बघितली, सगळी पुराबाहेरची. पहिल्या सहांतलं एक मोरीत अडलं, एकाला रस्ता खचलेला, दोन ठिकाणी मुलाचं ऐकूनच नाही म्हणाले, बाकीच्या दोघांचं भाडं झेपेना. सातवं वारणालीत. वर मालक-मालकीण राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. दाराशी दोन पायऱ्या, मोजल्या, १४ इंच. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, एकोणीसला इथं पाणी नव्हतं, उलट लोकच इथं राहायला आले होते.

या वेळी मी आधीच सगळं सांगितलं. मुलाला काय आहे, तो आनंदानं ओरडतो, रात्री कधी पाय आखडले की रडतो. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आमचे हे पण आता जिना उतरताना भिंत धरतात, रॅम्प केलात तर यांनाही होईल. भाडं साडेनऊ सांगितलंय, आमच्या हिशेबाच्या थोडं वर. मिस्टर म्हणतात, ओव्हरटाइम घेतो. सासऱ्यांना घरी बसवून ओळंबा काकांचं उत्तर वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, रॅम्पचे पैसे माझ्याकडून.

भाडेकरारात लिहून घेतोय की रॅम्प आमच्या खर्चानं, आणि सोडताना मालक म्हणतील तर आम्ही काढून नेऊ. करार नोंदणीकृतच करायचा आहे.

आता अडचण दोन. अंगण दारापासून फाटकापर्यंत फक्त ११ फूट आहे, रॅम्प लागतो १४ फूट. आणि मोरीचं दार आत-आत २३ इंच, कमोड खुर्ची बरोबर २३ इंच. पुठ्ठा दोन्ही बाजूंना घासत जातो.

ओळंबा

ताई, फार बरं वाटलं. रॅम्प सरळ काढू नका. दारासमोर जोत्याच्याच उंचीला पाच बाय पाचचा सपाट ओटा करा, तिथून भिंतीच्या कडेनं काटकोनात वळवा. चौदा फूट बाजूला मिळतात का ते मोजा. खुर्ची ओट्यावर थांबवून दार उघडता येतं हा दुसरा फायदा, नाहीतर उतारावर एका हातानं खुर्ची धरून दुसऱ्यानं कुलूप काढावं लागतं.

मोरीचं दार आधी नुसतं बिजागऱ्यांवरून उतरवून बघा. फळीची जाडी तिथं एक-सव्वा इंच खात असते. तिथं पडदा लावा. तेवढ्यानं चाकं मोकळी गेली तर चौकट फोडायचीच नाही. नाही गेली तर मालकांना विचारून चौकट काढा. ती भिंत चार इंची असेल तर गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे, वर लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, कुठपर्यंत आहे ते बघूनच हात लावा. उंबरा असेल तर तो सिमेंटचा दोन्हीकडून उतार देऊन बुजवा.

राजाची आई

बाजूला १६ फूट मिळतात, आत्ता टेप लावून आले! दार उतरवलं, सव्वा इंच मिळालं. मिस्टरांनी रिकामी कमोड खुर्ची तीनदा आत-बाहेर केली, घासत नाही. आजी म्हणाल्या, दार माडीवर ठेवून देते, पडद्याचं कापड मी शिवते.

वेल्डर बुधवारी माप घ्यायला येतोय. शाहूपुरीकर दादा, मिरजवाले दादा, तुमच्या रॅम्पला कठडा किती उंच ठेवलाय? राजाचा उजवा हात बाहेर जातो, त्या बाजूला काय करू?

मिरजवाला बाबा

वहिनी, मोजून आलो. वरचा दांडा ३४ इंचांवर. पोरीचा हात बाहेर जायचा म्हणून मध्ये २० इंचांवर दुसरा पाइप घातलाय आणि त्या बाजूला जाळी मारलीय, बारीक भोकांची, बोट अडकणार नाही अशी. खाली दोन्ही कडांना दोन इंचांची उभी पट्टी वेल्डिंग करून घ्या, चाक कडेवरून उतरत नाही. वेल्डर म्हणेल नको, पाणी साठतं. मग पट्टीला प्रत्येक दोन फुटांवर खालून खाच ठेवायला सांगा.

बुधवारी माझी सुट्टी आहे. वारणालीत येऊ का टेप घेऊन?